संध्याकाळचा काउंटर

"चार सूत दहा, अडीच सूत वीस, बायंडिंग दोन किलो, खिळे अडीच इंची." एवढं सांगून मिस्त्री फोनवर बोलत बाजूला जातो आणि दुपारपर्यंत कॉलेजात बसून आलेल्या काउंटरमागच्या पोराची परीक्षा सुरू होते. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. चार सूत म्हणजे अर्धा इंच, कारखान्याच्या हिशेबात १२ मिलिमीटरची सळई. अडीच सूत म्हणजे ८ मिलिमीटरची. गवंडी सुतात मागतो, कंपनीचं बिल मिलिमीटरमध्ये येतं आणि भाव मात्र किलोवर असतो. या तिन्हींचा मेळ घालायची युक्ती सोपी आहे: व्यासाचा वर्ग करायचा आणि १६२ने भागायचं. १२चा वर्ग १४४, भागिले १६२, म्हणजे मीटरला सुमारे ८९० ग्रॅम. अख्खी सळई १२ मीटरची, म्हणजे साडेदहा किलोंहून थोडी जास्त. अशा दहा सळया १०७ किलो, आणि ८ मिलिमीटरच्या वीस सळया ९५ किलो. मिस्त्रीचा फोन संपायच्या आत पोराला कळलेलं असावं लागतं, की माल दोनशे किलोंच्या वर चाललाय आणि टेम्पोवाल्याला आत्ताच हाक मारायला हवी.

पेण आणि रोह्यात घर बांधायला, डागडुजी करायला, रंगवायला लागणारं सगळं सामान अशाच दुकानांतून येतं. पाटीवर 'हार्डवेअर, सॅनिटरी, पेंट्स' अशी तीन खाती. पुढे काउंटर, मागे फळ्यांवर खोकी, गल्लीत कुठेतरी सिमेंट-पत्र्याचं गोडाऊन. दुकान मालकाच्या घरच्या माणसांवर आणि दोन-चार कायमच्या कामगारांवर चालतं. त्यांच्या जोडीला असतो तो अर्धवेळवाला: कुणाचा भाचा, कुणाच्या ओळखीचा, पेणला भाऊसाहेब नेने महाविद्यालयात किंवा रोह्यात देशमुख महाविद्यालयात बीकॉमला असलेला. त्याला कुणी 'पार्ट टाइम' म्हणत नाही. "संध्याकाळी येतो" एवढंच म्हणतात.

अमेरिकेत याच धंद्याने वेगळं रूप घेतलं. बर्नी मार्कस आणि आर्थर ब्लँक या दोघांनी १९७८मध्ये होम डेपो ही कंपनी काढली आणि १९७९मध्ये अटलांटात पहिली दुकानं उघडली. आज तिची दोन हजारांहून जास्त दुकानं आहेत. एका दुकानाचं छताखालचं क्षेत्र सरासरी १ लाख ४ हजार चौरस फूट, म्हणजे आपल्या मापाने ९५ गुंठे, आणि वर बागेच्या सामानाचं अंगण वेगळं. एका छताखाली तीस ते चाळीस हजार प्रकारच्या वस्तू. एवढा पसारा सांभाळायला लागणाऱ्या माणसांत अर्धवेळवाले भरपूर असतात, कारण तिथली गर्दी शनिवार-रविवारची आणि वसंत ऋतूची. बर्फ वितळलं की लोक घराबाहेर पडून कुंपण, छप्पर, हिरवळ यांच्या मागे लागतात. २०२२च्या वसंतासाठी या कंपनीने एक लाखावर माणसं भरण्याचं जाहीर केलं होतं. ब्रिटनमध्ये १९६९ला साऊदॅम्प्टनमध्ये सुरू झालेलं बीअँडक्यू आणि ऑस्ट्रेलियातलं बनिंग्ज याच जातीची दुकानं. परदेशी शिकायला गेलेली आपली मुलं तिथल्या अर्धवेळ नोकऱ्यांविषयी नेहमी बोलतात, पण नियम देशागणिक बदलतात. कॅनडात नोव्हेंबर २०२४पासून विद्यार्थ्याला आठवड्याला २४ तास विद्यापीठाबाहेर काम करता येतं, ऑस्ट्रेलियात सत्र चालू असताना पंधरवड्याला ४८ तास. अमेरिकेत मात्र विद्यार्थी व्हिसावर गेलेल्याला असं बाहेरच्या दुकानात काम करायची मुभाच नसते. त्याची अर्धवेळ नोकरी विद्यापीठाच्या आवारातच.

मग असं दुकान पनवेल-पेण रस्त्यावर का नाही? एक कारण कायद्याचं. एकाच ब्रँडचा माल विकणाऱ्या परदेशी कंपनीला भारतात शंभर टक्के गुंतवणूक करता येते, म्हणून आयकिया २०१८मध्ये हैदराबादला आणि डिसेंबर २०२०मध्ये नवी मुंबईत तुर्भ्याला आली. पण होम डेपोसारखं दुकान शंभर कंपन्यांचा माल विकतं. त्यासाठी २०१२पासून ५१ टक्क्यांची मर्यादा, वर राज्य सरकारची संमती, आणि दुकानं मुख्यतः दहा लाखांवर वस्तीच्या शहरांत अशा अटी आहेत. २०११च्या जनगणनेत पेण शहर चाळीस हजारांच्या आत होतं आणि रोहा वीस हजारांच्या आसपास.

पण माझ्या मते कायद्यापेक्षा मोठं कारण गिऱ्हाईक आहे. तिकडे मजुरी इतकी महाग, की घराचा मालक स्वतःच नळ बदलतो, स्वतःच भिंत रंगवतो. दुकानातल्या माणसाचं काम त्या अडाणी पण पैसेवाल्या मालकाला वाट दाखवण्याचं. इथे घराचा मालक दुकानात येतो तो पैसे द्यायला. काय घ्यायचं ते गवंडी, सुतार, प्लंबर, पेंटर ठरवतो. काउंटरसमोर उभा असतो तो कारागीर, आणि त्याला पोरापेक्षा दसपट जास्त कळत असतं. त्याला सल्ला नको असतो, माल हवा असतो; आणि तोही लगेच, कारण साइटवर दोन बिगारी रिकामे बसलेले असतात.

यातूनच अर्धवेळ कामाचं घड्याळ ठरतं. सकाळी दुकान उघडल्यापासून दीड-दोन तास मिस्त्री लोकांची झुंबड, कारण माल घेतल्याशिवाय दिवसाचं काम सुरू होत नाही. दुपारी शुकशुकाट, इतका, की कोकणातल्या रिवाजाप्रमाणे शटर अर्ध्यावर ओढून मालक जेवून आडवा होतो. पाचनंतर पुन्हा गर्दी: उद्याचा माल सांगायला आलेले मिस्त्री, कामावरून सुटून नळाची तोटी किंवा बल्बचा होल्डर शोधत आलेले नोकरदार, दिवसाची चलनं जुळवणारे टेम्पोवाले. म्हणजे पूर्ण वेळचा माणूस ठेवला तर दिवसातले तीन-चार तास त्याला बसवून पगार द्यायचा. संध्याकाळच्या पोराचा जन्म या हिशेबातून झालेला आहे.

वर्षाचंही असंच. पेण-रोह्यात पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो आणि तो बहुतेक चार महिन्यांत. त्यामुळे एप्रिल-मे म्हणजे पत्रे, ताडपत्री, वॉटरप्रूफिंग आणि अर्धवट राहिलेल्या स्लॅबची घाई. सिमेंटचं गणित तर पुरतं पावसाशी बांधलेलं. सिमेंट हवेतली वाफ ओढून घेतं. बांधकामाच्या पुस्तकांत सर्रास दिलेला अंदाज असा, की गोडाऊनमध्ये तीन महिने पडून राहिलेल्या सिमेंटची ताकद साधारण पाचवा भाग कमी होते. म्हणून गोणीवर उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष छापलेलं असतं, आणि नव्या पोराला पहिल्याच दिवशी शिकवलं जातं की जुना माल आधी काढायचा, थप्पी लाकडी फळ्यांवर आणि भिंतीपासून हातभर लांब लावायची, दहा गोण्यांच्या वर चढवायची नाही. जुलैत गोडाऊनची ओली भिंत पाहिली की या तिन्ही नियमांचा अर्थ आपोआप कळतो. पेण तालुक्यातच, डोलवीला, पोलादाचा मोठा कारखाना आहे आणि त्याच्या भट्टीतल्या मळीपासून सिमेंटही तिथेच होतं. ते स्लॅग सिमेंट सुरुवातीला हळू घट्ट होतं, पण खाऱ्या पाण्याला जास्त दाद देत नाही. खारेपाटातल्या घराच्या पायाला ते बरं. फळ्या दोन दिवस आधी काढायची घाई असलेल्या गवंड्याला मात्र ते आवडत नाही.

३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं, तेव्हा या दुकानांची खरी गरज दिसली. लॉकडाऊन चालू, परप्रांतीय कारागीर आपापल्या गावी गेलेले, आणि रोहा, माणगाव, म्हसळा, श्रीवर्धनकडच्या घरांवर छप्पर नाही. तोंडावर पावसाळा. पत्र्याला आणि ताडपत्रीला सोन्याचा भाव आला. पत्रे उडतात ते वारा खालून ढकलतो म्हणून, असं आपल्याला वाटतं. ते अर्धंच खरं. वारा छपरावरून वेगाने जाताना वरचा दाब कमी होतो आणि पत्रा वरच्या बाजूला खेचला जातो. ही ओढ सगळ्यात जास्त असते ती वळचणीला, कोपऱ्यांत आणि आढ्यापाशी. म्हणून मधल्या भागात एक नाळ सोडून एक स्क्रू चालून जातो, पण कडेच्या ओळीत प्रत्येक नाळीला स्क्रू हवा. गिऱ्हाईक पत्र्याच्या जाडीवर घासाघीस करतं आणि स्क्रूची पिशवी मात्र अंदाजाने उचलतं. जाडीचंही एक साधं परीक्षण आहे: अर्धा मिलिमीटर जाडीचा पत्रा चौरस मीटरला चार किलोंच्या आसपास भरतो, ०.३५चा पावणेतीन. 'अर्ध्याचा' म्हणून दिलेला पत्रा वजनाला टाकला की खरं-खोटं कळतं. स्क्रूच्या टोपीखाली काळं रबरी वायसर असतं, ते उन्हाने चिरलं की तिथूनच गळती सुरू होते. हे सगळं काउंटरवरच्या पोराला ठाऊक असेल तर सबंध आळीचं छप्पर वाचू शकतं. पण त्याला ते कुणी सांगायला हवं, आणि गर्दीत सांगायला वेळ कुणाला असतो?

पेणला आणखी एक हंगाम आहे, तो गणपतीचा. शहरात आणि हमरापूर, जोहे, कळवे या गावांत मूर्तींचे कारखाने. प्लास्टरच्या गोण्या, काथ्या, रंग, ब्रश, पॉलिश पेपर हा माल हार्डवेअरच्या दुकानांशी नातं सांगणाराच. आणि श्रावण जवळ आला की संध्याकाळी मोकळे असणारे हातही दोघांना हवे असतात. रंगकामाला बायका आणि कॉलेजची मुलं बसतात, नगावर किंवा रोजावर. ज्याच्या हाताला रेष आहे तो कारखान्यात जातो, ज्याच्या डोक्यात हिशेब आहे तो काउंटरवर राहतो. असा माझा एक समज आहे. तो कुठे सिद्ध झालेला नाही.

काउंटरवर शिकायला लागतं ते मात्र चिक्कार. अर्ध्या इंचाचा नळ घ्या. नव्या पोराने तो फूटपट्टीने मोजला तर बाहेरचा व्यास २१ मिलिमीटर भरतो, म्हणजे पाऊण इंचाहूनही जास्त. पोरगा गोंधळतो. पूर्वी लोखंडी पाइपला नाव मिळायचं ते आतल्या पोकळीवरून. पाइप पातळ झाले, प्लास्टिकचे आले, पण आटे तेच राहिले आणि नावही तेच राहिलं. मग थंड पाण्याचा पांढरा यूपीव्हीसी वेगळा, गिझरला जोडायचा पिवळट सीपीव्हीसी वेगळा, दोन्हींचं सोल्युशनही वेगळं. चुकीची बाटली दिली तर सांधा आठवडाभर टिकतो आणि मग मध्यरात्री सुटतो. एल्बो, टी, रिड्युसर, एमटीए, एफटीए ही नावं आठवडाभरात पाठ होतात. कुठली वस्तू कुठल्या खोक्यात, हे कळायला महिना जातो.

रंगाच्या मशिनपाशी उभं राहायला तर पोरांत चढाओढ. मशिन रंग 'बनवत' नाही. ते पांढऱ्या किंवा जवळजवळ रंगहीन बेसमध्ये ठरलेले थेंब सोडतं. पांढऱ्या बेसमध्ये टायटॅनियम डायऑक्साइड भरपूर असतो, त्यामुळे त्यात कितीही लाल घातला तरी गुलाबीच होतो; गडद लाल हवा तर बेसच वेगळा घ्यावा लागतो आणि त्याचा भावही वेगळा. एकदा रंग मिसळला की डबा परत घेत नाहीत. म्हणून शहाणा पोरगा शेड कार्डावर बोट ठेवून गिऱ्हाइकाकडून दोनदा 'हो' म्हणवून घेतो. सगळ्या खोलीचा रंग एकाच वेळी काढून घ्या, असंही तो सांगतो, कारण पंधरा दिवसांनी आणलेल्या डब्यात उन्नीस-बीस होतंच.

रोह्याच्या दुकानांचा तोंडवळा थोडा निराळा, कारण शेजारी धाटावची औद्योगिक वसाहत आणि तिथले रसायनांचे कारखाने. तिथून येणारा माणूस '३०४' आणि '३१६' असे आकडे बोलतो. दोन्ही स्टेनलेस स्टीलच, दिसायला सारखी. ३१६मध्ये दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असतं, त्यामुळे मिठाने पडणारे बारीक खड्डे ते बरंच रोखतं. हीच गोष्ट पेणच्या खाडीकडच्या माणसाने विचारायला हवी, कारण खाऱ्या हवेत गेटचे बिजागर आणि खिडकीचे स्क्रू दोन पावसाळ्यांत लाल होतात. पण घराला ३१६ कोण घालतो? भाव ऐकला की गिऱ्हाईक तांबडा गंज पत्करतं.

या काउंटरवर एक गोष्ट उघडपणे शिकवली जात नाही, तरी पहिल्या महिन्यात कळतेच. रंगाच्या डब्यात पेंटरसाठी टोकन असतं. हल्ली ते मोबाइलवर स्कॅन करून पैसे खात्यात जमा होतात. प्लंबरने गिऱ्हाईक आणलं तर त्याचं 'बघायचं' असतं. घरमालकाला दिलेला भाव आणि मिस्त्रीला दिलेला भाव यांत फरक असतो, आणि घरमालक-मिस्त्री एकत्र आले तर पोराने गप्प बसून शेठकडे बघायचं असतं. मला हे फार नैतिक संकट वाटत नाही. ज्याच्या शब्दावर माल खपतो त्याला वाटा मिळणं ही बाजाराची जुनी चाल आहे. पण घर बांधणाऱ्याला ती माहीत असावी.

आता पैशांकडे. महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापना कायदा १९४८चा होता, त्याच्या जागी २०१७चा आला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये लागू झाला. दिवसाला ९ तास, आठवड्याला ४८ तास, जादा कामाला दुप्पट दर, साप्ताहिक सुट्टी, आठ नैमित्तिक रजा हे सगळं त्यात आलं. पण ते दहा किंवा अधिक कामगार असलेल्या दुकानांनाच होतं. २०२५मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ही मर्यादा वीसवर आणि दिवसाचे तास दहावर नेण्याला मंजुरी दिली. त्याहून लहान दुकानाने फक्त ऑनलाइन सूचना द्यायची. पेण-रोह्यातलं भलंमोठं दिसणारं हार्डवेअरही सहा-सात माणसांवर चालत असेल तर ते या चौकटीबाहेर. किमान वेतन मात्र एका माणसालाही लागू आहे. नोव्हेंबर २०२५मध्ये नव्या श्रमसंहिता आल्या, तरी किमान वेतनाचं हे तत्त्व कायम आहे. महाराष्ट्राच्या किमान वेतनाच्या अधिसूचनांत अर्धवेळवाल्यासाठी एक कलम वर्षानुवर्षं असायचं, ते फार थोड्यांना माहीत आहे: दिवसाच्या दराला कामाच्या तासांनी भागायचं आणि येणाऱ्या तासाच्या दरावर १५ टक्के वाढ द्यायची. समजा रोजचा दर ४८० रुपये आणि दिवस ८ तासांचा, तर तासाला ६० नव्हे, ६९ रुपये. कमी तास म्हणजे कमी दर, असं दुकानदाराला वाटतं आणि पोरालाही. कायद्याचा विचार उलटा होता: ज्याला थोडेच तास मिळतात, त्याचा तास महाग.

वयाचा मुद्दा तर पार दुर्लक्षित. बालकामगार कायद्यात २०१६मध्ये झालेल्या दुरुस्तीने १४ ते १८ वयाच्या मुलांना धोक्याची कामं वगळून काम करता येतं, पण दिवसाला जास्तीत जास्त सहा तास, मधली सुट्टी धरून, आणि संध्याकाळी ७ ते सकाळी ८ मुळीच नाही. बारावीतला मुलगा साडेसातला सिमेंटच्या गोण्या मोजत उभा असेल तर ते बेकायदा आहे. मालकाचा स्वतःचा मुलगा असेल तर घरच्या धंद्याला यातून सूट आहे. गिऱ्हाइकाला दोघांतला फरक दिसत नाही.

बीकॉमच्या मुलांचा एक फायदा मात्र निर्विवाद. २२ सप्टेंबर २०२५ला सिमेंटवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८वर आला, तेव्हा जुन्या दराने आलेला माल, नव्या दराचं बिल आणि गिऱ्हाइकाची "मग भाव का नाही उतरला?" ही हुज्जत हे सगळं संध्याकाळच्या पोराने निस्तरलं असेल, तर करप्रणालीचा पेपर त्याला वेगळा वाचायला नको. दर महिन्याच्या ११ तारखेला विक्रीचं विवरणपत्र जायचं असतं. त्याआधीचे दोन दिवस त्याला घरी जायला उशीर होतो.

या कामाला तरुणच लागतो, असंही नाही. बीअँडक्यूने १९८९मध्ये मॅकल्सफील्डला एक दुकान उघडलं आणि त्यात सगळी माणसं पन्नाशीपुढची भरली. पुढे वॉरिक विद्यापीठाने त्याचा अभ्यास केला तेव्हा नफा इतर दुकानांपेक्षा १८ टक्क्यांनी जास्त निघाला आणि काम सोडून जाणाऱ्यांचं प्रमाण कितीतरी कमी. कारण उघड होतं: आयुष्यभर घराची दुरुस्ती केलेल्या माणसाला गिऱ्हाइकाची अडचण अर्ध्या वाक्यात कळते. रोह्यात असा माणूस शोधायला लांब जायला नको. धाटावच्या कारखान्यात तीस वर्षं फिटर म्हणून काढलेले काका सकाळी देवळात जाऊन येतात आणि मग दिवसभर करायला काही नसतं. गॅस्केट हाताला लागताच किती जाडीची ते सांगतील. गोणी उचलायला त्यांना लावू नये, एवढंच. सकाळचे दोन तास त्यांना आणि संध्याकाळचे तीन कॉलेजच्या पोराला दिले, तर शेठना दुपारचं शटर अर्ध्यावर नव्हे, पूर्ण खाली ओढून झोपायलाही हरकत नाही.